अंतराळ-संशोधन : कशासाठी आणि कोणासाठी?

(भिलाई येथे मराठी भाषिक कामगार व कर्मचाऱ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माणूस अंतराळात कशासाठी जातो, हा प्रश्न भिलाईत विचारला जातो तेव्हा उत्तर शोधण्यासाठी ह्यूस्टनला किंवा बैकानूरला जाण्याचे कारण नाही. ते उत्तर, निदान त्याचा अर्धा भाग, याच दुर्ग जिल्ह्यातील खेड्यांत १९७५ साली येऊन गेलेला आहे.

१ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग देशातील सहा राज्यांत सुरू झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान येथील मिळून सुमारे २४०० खेडी त्यासाठी निवडण्यात आली होती. तेव्हाच्या मध्य प्रदेशातून निवडलेले जिल्हे तीन : रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिरावलेला एटीएस-६ हा अमेरिकन उपग्रह जमिनीवरील केंद्रांकडून आलेले कार्यक्रम थेट खेड्यात उतरवीत असे. ते झेलण्यासाठी गावातील शाळेजवळ किंवा पंचायतीच्या इमारतीजवळ तीन मीटर व्यासाची एक थाळी उभी केलेली असे, आणि ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीपासून बनविलेली होती. दूरदर्शन संच हैदराबादच्या सार्वजनिक क्षेत्रातील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने तयार केले होते. सकाळी दीड तास शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्या माणसांसाठी असा रोजचा चार तासांचा कार्यक्रम होता. शेती, आरोग्य, शिक्षण, करमणूक हे त्याचे विषय. त्या वर्षी नागपूर शहरात दूरदर्शन आलेला नव्हता. दुर्ग जिल्ह्यातील काही खेड्यांत तो आला होता. आधुनिक विज्ञानाची फळे प्रथम महानगरात, मग जिल्ह्याच्या गावी आणि उरलीसुरली तर खेड्यात, हा जो आपल्याकडचा नेहमीचा क्रम, तो येथे उलटा झाला होता.

या प्रयोगाचे व्यवस्थापन एकनाथ वसंत चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होते. विक्रम साराभाईंच्या पहिल्या सहकाऱ्यांपैकी ते एक. केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा हे कोळ्यांचे गाव अग्निबाणांच्या तळासाठी निवडले गेले त्या कामातही त्यांचा वाटा होता. वयाची शंभर वर्षे पूर्ण करून २०२५ साली ते निवर्तले. मराठी वाचकांना त्यांचे नाव जितके परिचित असावयास हवे तितके ते नाही, एवढे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

प्रयोगाचे नुसते गुणगान करून मात्र भागणार नाही. मध्य प्रदेशासाठीचे कार्यक्रम हिंदीत असत, आणि ज्या घरांतील माणसे ते पाहावयास येत त्या घरांत छत्तीसगढी बोलली जाई. शिवाय ते वर्ष आणीबाणीचे होते. आकाशातून उतरणारा आवाज सरकारचा होता आणि त्याला उलट उत्तर देण्याची सोय त्या थाळीत नव्हती. तरीही सर्वांत मोठी उणीव याहून वेगळीच होती. उपग्रह उसना होता. १९६९ साली झालेल्या करारानुसार तो एका वर्षापुरता मिळाला होता. ३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली, उपग्रह पश्चिमेकडे परत नेण्यात आला आणि पडदे काळे झाले. थाळ्या जागच्या जागी होत्या, संच होते, शिकविण्याची व शिकण्याची इच्छा होती. फक्त वर काही नव्हते. भारताच्या मालकीच्या इन्सॅट-१बी या उपग्रहाने नियमित काम सुरू करण्यास १९८३ साल उजाडावे लागले, आणि तोही अमेरिकन अवकाशयानातूनच वर न्यावा लागला होता.

म्हणजे प्रश्न एक नसून दोन आहेत. अंतराळ कशासाठी, हा पहिला. त्या उंचीवर कोणाची मालकी असणार, हा दुसरा. पहिल्याची चर्चा वृत्तपत्रांत भरपूर होते. दुसरा बहुधा तज्ज्ञांसाठी राखून ठेवला जातो. वस्तुतः दुसऱ्याचे उत्तर चुकले तर पहिल्याच्या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही, आणि हे समजण्यासाठी भिलाईच्या कामगाराला खगोलशास्त्र शिकावे लागत नाही.

कारण हाच वाद पोलादाबाबत झालेला आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोविएत युनियन यांच्यात भिलाईचा करार झाला, तेव्हा धान्य आयात करणाऱ्या देशाला दहा लक्ष टन पोलादाची हाव कशासाठी, असे विचारणारे थोडे नव्हते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. त्यानंतरची कित्येक दशके देशातील रेल्वेचे रूळ येथूनच गेले. परंतु रुळांइतकेच महत्त्वाचे दुसरे उत्पादन म्हणजे माणसे. सोविएत तंत्रज्ञांच्या शेजारी उभे राहून येथील माणूस भट्टी चालवावयास शिकला, पुढे दुरुस्त करावयास शिकला आणि त्यानंतर विस्ताराचे आराखडे भारतीय संस्थाच करू लागल्या. याउलट बोकारोसाठी अमेरिकेकडे मागितलेले साहाय्य १९६३ साली मिळाले नाही. कारखाना सार्वजनिक क्षेत्रातील असणार, हीच तेथील आक्षेपकांची प्रमुख तक्रार होती. पुढे तेही काम सोविएत साहाय्यानेच उभे राहिले.

अंतराळाच्या क्षेत्रात नेमकी हीच गोष्ट पुन्हा घडली, फक्त ती अधिक गुंतागुंतीची होती. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून सुटलेला पहिला अग्निबाण अमेरिकन होता, त्यावरील उपकरण फ्रेंच होते आणि तळावर सोविएत साहाय्यही होते. ‘आर्यभट’ हा ३६० किलोग्रॅम वजनाचा पहिला भारतीय उपग्रह बंगळूरजवळच्या पीण्या येथील औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये बांधला गेला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोविएत अग्निबाणाने कापुस्तिन यार येथून वर गेला. थोड्याच दिवसांत त्याच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊन वैज्ञानिक प्रयोग थांबले, हे खरे. परंतु उपग्रह बांधावा कसा, हे शिकणे हाच त्याचा मुख्य हेतू होता आणि तो साधला. त्यामागून १९७९ व १९८१ साली दोन ‘भास्कर’ गेले. त्यांच्या कॅमेऱ्यांना जमिनीवरील सुमारे एक किलोमीटरचा ठिपका ओळखता येई. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून गेलेल्या आयआरएस-१ए ने सुमारे ३६ मीटरपर्यंतचा तपशील दाखविला. अवघ्या नऊ वर्षांत ही मजल मारली गेली. पडीक जमीन, जंगलतोड, धरणांतील पाणी, दुष्काळी गावांखालील भूजल यांचे नकाशे त्यानंतर स्वतःच्या उपग्रहावरून होऊ लागले. तांदुळा धरणाच्या पाण्यावर ज्यांचा कारखाना चालतो त्या भिलाईकरांना अशा नकाशाची किंमत सांगावयास नको.

येथपर्यंतची वाट मैत्रीची होती. पुढची तशी राहिली नाही. अवजड उपग्रह उंच कक्षेत नेण्यासाठी अतिशीत इंधनावर चालणारे क्रायोजेनिक इंजिन लागते. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सियसला आणि द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना साठवावा लागतो, आणि तेच दोन द्रव एकत्र जळताना काही हजार अंशांची ज्वाला निर्माण करतात. भिलाईला यातील द्रवरूप ऑक्सिजन अपरिचित नाही. पोलादासाठी तो येथे तयार होतो, आणि २०२१ च्या साथीत येथून टँकर भरून अनेक राज्यांतील रुग्णालयांसाठी गेला. असो. या इंजिनांसाठी व त्यांच्या तंत्रविद्येसाठी भारताने १९९१ साली ग्लावकॉसमॉस या सोविएत संस्थेशी करार केला. वर्षअखेर सोविएत युनियन उरले नाही. मे १९९२ मध्ये अमेरिकेने क्षेपणास्त्र-प्रसाराचे कारण पुढे करून भारताची अंतराळ संस्था व ग्लावकॉसमॉस या दोघांवरही निर्बंध लादले, आणि १९९३ साली रशियाने माघार घेतली. तयार इंजिने मिळतील, ती बनविण्याची विद्या मिळणार नाही, असे ठरले.

उणे २५३ अंशांचे इंधन वापरणारे, सज्ज करण्यास कित्येक तास लागणारे इंजिन हे युद्धातील क्षेपणास्त्राच्या कामाचे नसते, हे निर्बंध लादणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. प्रश्न उपग्रह वर सोडण्याच्या बाजारपेठेचाही होता. पण रशियाच्या माघारीकडेही डोळेझाक करता येत नाही. ज्या राज्याने भिलाई उभारली ते राज्य मावळल्यावर त्याच्या जागी आलेल्या सत्तेला देशोदेशींचे जुने शब्द पाळण्याइतके बळ राहिले नव्हते. दुसऱ्याच्या सदिच्छेवर उभे असलेले तंत्रज्ञान, ती सदिच्छा कितीही सच्ची असो, इतिहासाच्या एका वळणावर हातून जाऊ शकते. भारतीय तंत्रज्ञांना स्वतःचे क्रायोजेनिक इंजिन यशस्वीपणे उडविण्यास वीस वर्षे लागली. १५ एप्रिल २०१० चे उड्डाण समुद्रात पडले. ५ जानेवारी २०१४ चे यशस्वी झाले. या इंजिनांचे भाग ज्या कारखान्यांत घडले त्यांत मुंबईच्या विक्रोळीतील कारखाना आहे, आणि ध्रुवीय कक्षेत जाणाऱ्या अग्निबाणांची पोलादी कवचे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरला, एकेकाळच्या साखर कारखान्याच्या गावी, बनली आहेत. चांद्रयानाच्या बातमीखाली शास्त्रज्ञांची छायाचित्रे येतात. वेल्डर, फिटर आणि टर्नर यांची येत नाहीत.

पण मग चंद्रावर कशासाठी जावयाचे? दूरदर्शन, हवामान, भूजल यांसाठी उपग्रह हवेत हे कोणीही मान्य करील. चंद्रावर तर ना शेत आहे ना शाळा. साराभाईंनीही, प्रगत राष्ट्रांशी चंद्राच्या शर्यतीत उतरण्याची भारताला हौस नाही, अशीच भूमिका घेतली होती. त्या भूमिकेपासून देश ढळला काय?

या प्रश्नाचे उत्तर उपयुक्ततेच्या हिशेबात शोधू गेले तर सापडत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड गावी १८५३ साली जन्मलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी शाळामास्तरकी करता करता ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. १८९६ साली तो छापला गेला. त्यांच्याहून चार वर्षांनी लहान असलेला रशियातील एक शिक्षक, कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की, कालुगा या आडगावी मुलांना गणित शिकवीत होता. लहानपणच्या आजाराने त्याला जवळजवळ ऐकू येत नसे. अग्निबाणाने पृथ्वीबाहेर कसे जाता येईल याचे सूत्र त्याने १९०३ साली प्रसिद्ध केले. एकाने मागे पाहून पूर्वजांनी आकाश कसे मोजले ते शोधले, दुसऱ्याने पुढे पाहून तेथे जावयाचे कसे याचा हिशेब मांडला. दोघांनाही कोणी पगार देऊन या कामाला बसविले नव्हते. पोटाची भ्रांत असतानाही माणूस आकाशाचा हिशेब करतो, ही त्याची चैन नव्हे. बैलाहून माणूस वेगळा आहे तो याच ठिकाणी. कष्टकऱ्याला भाकरी पुरे, कुतूहल वरच्या वर्गाने करावे, ही वाटणी मुळातच मान्य होण्याजोगी नाही. भिलाईच्या शेजारच्या राजनांदगावात शिकविणाऱ्या गजानन माधव मुक्तिबोधांच्या पहिल्या काव्यसंग्रहाच्या नावातच चंद्र होता, तो १९६४ साली, माणूस तेथे पोहोचण्याच्या पाच वर्षे आधी.

चांद्रयानांनी काय आणले ते पाहिल्यास हे कुतूहल हवेतले नाही हे दिसेल. २००८ च्या पहिल्या यानावर अमेरिकन उपकरणही होते, आणि चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा असल्याचे २००९ साली जाहीर झाले ते त्याच्या नोंदींवरून. कोरड्याठाक मानलेल्या चंद्राची कल्पना बदलली. २०१९ चे दुसरे यान उतरताना आदळले. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी तिसरे यान दक्षिण ध्रुवाच्या बाजूला सुमारे ६९ अंश अक्षांशावर उतरले. चारच दिवस आधी रशियाचे ‘लूना-२५’ चंद्रावर आदळून नष्ट झाले होते. यानातील तापमापकाने मातीत शिरून जे मोजले ते विलक्षण होते : पृष्ठभागावर पन्नास अंशांच्या आसपास उष्णता, आणि अवघ्या आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. चार बोटे मातीच्या थराखाली भाजणे संपते आणि गोठणे सुरू होते. उद्या तेथे घर, गोदाम किंवा प्रयोगशाळा बांधावयाची तर पहिला आकडा लागणार तो हा. या मोहिमेचा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये होता.

आणि कुतूहलाची विद्या व उपयोगाची विद्या यांच्यामध्ये भिंत नसते. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओरिसाच्या किनाऱ्यावर आलेल्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. मे २०१९ मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फानी’ हे प्रचंड वादळ आदळले तेव्हा बारा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलविण्यात आले होते, आणि तेथील मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हे श्रेय केवळ उपग्रहांचे नाही. निवारे बांधणारे, होड्या किनाऱ्याला लावायला सांगत दारोदार फिरणारे कार्यकर्ते यांचे ते अधिक आहे. परंतु वादळ कोठे वळते आहे हे चार दिवस आधी दिसले नसते तर त्यांना फिरावयास वेळच मिळाला नसता. कोकणातील मच्छीमाराला मासळी कोठे मिळेल याचा अंदाज मिळतो, त्यामागेही समुद्राच्या तापमानाची आकाशातून झालेली मोजणी असते.

यंत्रांबद्दल असे ठामपणे सांगता येते; माणसे पाठविण्याबद्दल तितक्या ठामपणे सांगता येत नाही. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिनने १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली तेव्हा माणसाशिवाय हे काम पुरे झाले असे कोणाला वाटले नसते. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून मालिशेव व स्त्रेकालोव यांच्यासह सॅल्यूत-७ स्थानकात गेले, सुमारे आठ दिवस राहिले, आणि तेथून भारतभूमीची जी छायाचित्रे घेतली गेली ती कामाची होती. एक्केचाळीस वर्षांनंतर, जून २०२५ मध्ये, शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकात गेले ते एका अमेरिकन खाजगी कंपनीच्या यानातून. पहिला भारतीय एका राज्याचा पाहुणा होता, दुसऱ्याच्या आसनासाठी सरकारने पैसे मोजले. स्वदेशी यानातून माणूस पाठविण्याच्या ‘गगनयान’ योजनेला २०१८ साली सुमारे ९ हजार कोटी मंजूर झाले, आणि पुढील उड्डाणे व स्थानकाचा पहिला भाग धरून २०२४ साली ती तरतूद २० हजार कोटींवर गेली. म्हणजे तिसऱ्या चांद्रयानाच्या तीसपटीहून अधिक. आज जे काम यंत्रे करू शकतात त्यातील पुष्कळसे काम त्यांनीच करावे, हे शहाणपणाचे. माणसाने जावे ते जेथे त्याच्या हाताचे व डोळ्याचे काम यंत्राला जमत नाही तेथे. २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय, अशी उद्दिष्टे २०२३ साली जाहीर झाली. त्यांचे वेळापत्रक निवडणुकांच्या वेळापत्रकावर नव्हे तर चाचण्यांच्या निकालांवर ठरले पाहिजे. चॅलेंजरमधील माणसांची किंमत घाईने वसूल केलेली आहे.

आता उरला मालकीचा प्रश्न, आणि पुढील पन्नास वर्षांचे अंतराळ त्याच्याभोवतीच फिरणार आहे. पृथ्वीजवळच्या कक्षांत एकाच अमेरिकन कंपनीचे हजारो उपग्रह फिरत आहेत. दुसऱ्या बाजूने अमेरिका, रशिया, चीन आणि २०१९ साली भारत, या चारही देशांनी उपग्रह फोडून पाहण्याच्या चाचण्या केल्या आणि त्यांचे तुकडे कक्षेत सोडले. यात कोणीही कोणाला नावे ठेवावीत अशी स्थिती नाही. भारतात २०२३ च्या धोरणाने खाजगी भांडवलाला उपग्रह, अग्निबाण व तळ यांची दारे उघडून दिली. खाजगी कारखान्याने मागणीनुसार भाग बनविणे ही जुनी गोष्ट आहे, तिला हरकत नव्हती. पण साठ वर्षे सार्वजनिक पैशाने शिकलेली विद्या कोणत्या अटींवर कोणाच्या हाती जाते, उपग्रहाने घेतलेला शेताचा नकाशा शेतकऱ्याला मिळतो की विमा कंपनीला, हे विचारणे प्रगतीला विरोध करणे नव्हे.

चंद्राच्या बाबतीत तर हे अधिकच तातडीचे आहे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणतेही राष्ट्र चंद्रावर सार्वभौमत्व सांगू शकत नाही. चंद्र कोणाचा नाही; मग तेथून काढलेला बर्फ किंवा खनिज कोणाचे? २०१५ साली अमेरिकेने कायदा करून ठरविले की, जो काढील त्याचे. २०२० च्या आर्टेमिस करारांनीही, खनिज काढणे म्हणजे कबजा करणे नव्हे, असा अर्थ लावला. २१ जून २०२३ रोजी भारताने त्यांवर सही केली. चीन व रशिया यांनी २०२१ साली चांद्र-तळासाठी आपला वेगळा करार केला आहे.

दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून भिलाईचे लोखंड आले. ते साठे संपत आले म्हणून रावघाटकडे वळावे लागले. खाणीवर पहिला हक्क कोणाचा, डोंगर फोडणाऱ्याला काय मिळाले, खनिज संपल्यावर मागे काय उरले, हे प्रश्न ज्यांनी डोळ्यांसमोर पाहिले आहेत त्यांना चंद्रावरील खाणीबद्दल मत असू नये असे कोण म्हणेल? १९७९ च्या चांद्र-करारात, चंद्र व त्यावरील साधनसंपत्ती हा मानवजातीचा सामाईक वारसा होय, असे अकराव्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. भारताने १९८२ साली त्या करारावर सही केली. रीतसर अनुमोदन मात्र दिलेले नाही. सामाईक वारशाच्या करारावर १९८२ ची सही आहे, जो काढील त्याचे म्हणणाऱ्यांच्या करारांवर २०२३ ची. या दोहोंतील कोणती सही देशाची भूमिका सांगते, याचा खुलासा सरकारकडून संसदेत मागितला गेला पाहिजे, आणि तो मागणाऱ्यांत खाणीच्या व भट्टीच्या कामगारांच्या संघटनाही असल्या पाहिजेत.